राणीची जागा

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, मोटरसायकलवर मागे बसायला भिते, साहेबाने नुसतं "जरा इकडे या" म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. आणि अशा बाईला नोकरी कुठे लागावी? तर शंभरावर वर्षं जुन्या महालाच्या तिकीट-खिडकीवर. जोडीला कोण, तर मामा. ह्या माणसाने मला जितकं घाबरवलं तितकं जन्मात कुणी घाबरवलं नाही. आज त्यांच्याविषयी सांगायला बसले तर अजूनही छातीत धडधडतंय, आणि खोटं कशाला बोलू, त्यातली निम्मी धडधड शरमेची आहे.

मामा म्हणजे आमच्या महालाचे गाईड. माझे ते कुणी नातेवाईक नव्हेत. सगळी पंचक्रोशीच त्यांना मामा म्हणायची. उंच, वाळकुडे, डोक्याला कायम दुपट्टा गुंडाळलेला, आणि चालायचे उलटे. खोटं वाटेल, पण खरं आहे. पाहुण्यांकडे तोंड करून बोलत बोलत ते मागे मागे चालत जायचे, वळणाचा जिना उलटा चढायचे, कारंज्याच्या काठावरून उलटे जायचे, आणि एकदाही मागे वळून पाहायचे नाहीत. नवीन माणसाचा जीव टांगणीला लागायचा. "मामा, पडाल!" म्हणून बायका ओरडायच्या. ते म्हणायचे, "मी नाई पडत. तुमी वर पाहा. पाहा, पन हात नोका लावू. हात लावला का चुना दुखते."

महाल कसा आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धामणगाव बढ्याहून मोताळ्याकडे जाताना एका फाट्यावर उतरायचं आणि कपाशीच्या वावरांमधून चालत राहायचं. दोन्ही हाताला पऱ्हाटी, मधून तूर, आणि एकदम समोर हे विलायती धूड. ज्या मालकाने बांधला तो मोठा जमीनदार. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा बोटीत बसून विलायतेला गेला, तिथल्या कुठल्याशा राजाचा महाल पाहून आला आणि म्हणाला, मला अस्साच पाहिजे. दोन्ही बाजूंनी वळत जाणारे जिने, पुरुषभर उंचीचे आरसे, छताला चुन्याच्या वेली, फुलं, द्राक्षांचे घोस आणि पंखवाली गुबगुबीत पोरं. मागे बाग, तिच्यात मेंदीच्या कापलेल्या कुंपणांच्या नक्ष्या, आणि महालाच्या पुढे-मागे, टेकडीवरच्या टाक्यातून बिनमोटारीने चालणारी कारंजी. त्या पंखवाल्या पोरांची एक गंमत आहे. गवंडी आपल्याकडचेच. त्यांनी गोरी पोरं कधी पाहिलीच नव्हती. मग त्यांनी घरची पोरं बसवली. एकाच्या कानात बाळी आहे, एकाच्या कमरेला करगोटा, आणि खिडकीवरच्या एकाला तर चक्क शेंबूड आलाय.

"ह्या विलायती कामाले बरोक म्हंतात," मामा सांगायचे. "बरोक म्हंजे काय? तं ज्याले मोकळी जागा पाहवत नाई, तो बरोक. कोपरा दिसला, बसव एक पोट्टं. भिंत दिसली, चढव एक येल. मानूस बी असते ना एखादा, गप बसनंच जमत नाई त्याले? तसा हा महाल हाय." हे बोलताना ते स्वतःविषयी बोलतायत असं मला नेहमी वाटायचं.

कारण मामा म्हणजे एक नंबरचे फेकाडे. इतिहास त्यांना येत नव्हता अशातला भाग नाही, पण तो त्यांना पुरत नसे. खामगावची मंडळी आली की राणी खामगावची असायची आणि गाडाभर चांदी घेऊन सासरी आलेली असायची. मलकापूरची आली की राणी मलकापूरची. एकदा नांदुऱ्याची आणि बुलढाण्याची अशा दोन सहली एकदमच आत शिरल्या. मी म्हटलं आता काय करतात बघू. मामांनी मालकाची दोन लग्नं लावली, दोघी राण्यांना दोन जिने वाटून दिले, आणि मालक कुठल्या जिन्याने चढायचा ह्यावर पाऊण तास लोकांना हसवलं. लोक खूश होऊन गेले.

मी संध्याकाळी विचारलं, "मामा, खरी राणी कुठची हो?"

"राणी कुठची वं? मालकाचं लगनच नव्हतं झालं."

"अगंबाई! मग लोकांना खोटं काऊन सांगता?"

"अवं माय, लोक येवढ्या उन्हातानात फाट्यावरून पायी येतात. त्याइले रिकाम्या हातानं वापस धाडू का?"

त्यांचा आजा ह्या महालाचा चुना मळायच्या घाणीवर होता, असंही ते सांगायचे. पण तोच आजा मला त्यांनी एकदा माळी म्हणून सांगितला होता, एकदा बग्गीवाला, आणि एकदा तर मालकाबरोबर बोटीत बसलेला. मी बोटावर मोजलं, मामांना चार आजे होते. तेव्हा मामांचं बोलणं मी ह्या कानाने ऐकायचे नि त्या कानाने सोडून द्यायचे. हीच माझी चूक झाली.

राग आला की मात्र ते बोलायचे नाहीत. बागेत एक दगडी बाक आहे. त्याच्या बुडाला बारीक भोकं आहेत आणि त्यांत कारंज्याची नळी सोडलेली आहे. पाहुण्यांची थट्टा करायला मालकानेच करून घेतलेलं ते यंत्र. त्याचा चाप गवतात, झाकणाखाली. कुणी भिंतीवर तंबाखूच्या खर्ऱ्याची पिचकारी मारली, कुणी झाडावर बदाम कोरला, की मामा त्याला हात जोडून म्हणायचे, "या साहेब, बसा. अठी खुद्द मालक बसत जायचे." तो बसला की मामा पायाने चाप दाबायचे. खालून फवारा! एकदा आमचे मॅनेजर साहेब असेच भिजले. ते बुलढाण्याहून गाडीने यायचे. मालकाच्या भावाच्या वंशातली ट्रस्टी मंडळी पुण्याला, आणि त्यांच्या वतीने हे साहेब. त्यांनी छताच्या दुरुस्तीचा मामांचा अर्ज न वाचताच घडी करून खिशात घातला होता. मग मामांनी त्यांना बाक दाखवला. मी खिडकीत तोंडात पदर कोंबून हसले, आणि लगेच घाबरले, की साहेबांनी पाहिलं तर?

आता छताचं सांगते. सांगायचंच आहे.

रोज सकाळी महाल उघडायच्या आधी मामा मोठ्या हॉलमध्ये एकटे जायचे. हातात हा लांबच्या लांब बांबू, टोकाला पोरांचा लाकडी भोवरा घट्ट बांधलेला. त्या भोवऱ्याने ते सगळं छत हलके हलके ठोकत जायचे. डोळे मिटलेले आणि तोंड उघडं. तोंड उघडं ठेवलं की जास्त ऐकू येतं म्हणे. मला वाटायचं ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. एक दिवस त्यांनी मला हाक मारली.

"बाजारात माठ घेते तवा काय करते तू?"

"वाजवून पाहते."

"मंग आयक."

त्यांनी एका जागी ठोकलं. टण्. दुसऱ्या जागी ठोकलं. टण्. मग हॉलच्या मधोमध, जिथे पूर्वी झुंबर टांगलेलं होतं त्या चुन्याच्या मोठ्या फुलाखाली आले आणि ठोकलं. भद्द. फुटक्या माठाचा असतो तसा आवाज. माझ्या अंगावर काटा आला.

"चुन्याच्या वर बांबूच्या पट्ट्या हायेत," ते म्हणाले. "त्याइले उधई लागली, पार पोखरल्या. चुना वीतभर जाड. तो आता फकस्त सवयीनं लटकून राह्यला."

त्या दिवसापासून माझं हॉलमध्ये जाणं म्हणजे शिक्षा झाली. झाडू मारतानासुद्धा मी भिंतीभिंतीने सरकायचे. वर पाहिलं की ती पंखवाली पोरं माझ्याकडेच पाहतायत असं वाटायचं. रात्री घरी भाकरी थापताना तव्यावर भाकरी पडली तरी दचकायचे. नवरा हसायचा, "मामानं तुही पार घाबरगुंडी उडवली."

मामांनी पुन्हा अर्ज केले. पुन्हा काही नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली: "धोका. येथे उभे राहू नये." आणि त्या फुलाखाली ठेवली. साहेबांनी ती त्याच आठवड्यात उचलून जिन्याखाली टाकली. म्हणाले, "धोका वाचून तिकीट कोण काढेल हो?"

 तिसऱ्या दिवशी मामांनी खडूने त्या फुलाखाली एक गोल काढला आणि नवीन गोष्ट चालू केली. ही राणीची जागा. राणी इथे उभी राहून मालकाची वाट पाहायची, पाहता पाहता गेली, पण जागा काही सोडली नाही. जो तिच्या जागेवर उभा राहील त्याच्या ती वर्षभर मागे लागते.

"पाटी उचलता येते," मला म्हणाले. "गोष्ट कोन उचलनार?"

आणि चाललं की हो! पावसाळाभर चाललं. म्हाताऱ्या बाया नातवंडांना दंडाला धरून ओढायच्या. लोक त्या गोलाला वळसा घालून जायचे. मी हॉलमध्ये पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. वाटलं, काय डोकं आहे ह्या माणसाचं!

मग कुठल्याशा कॉलेजचा एक पोरगा आला. त्या गोलात उभा राहिला, मोबाईल समोर धरला, आणि "आजा राणी, आजा" म्हणून नाचला. दुसऱ्या आठवड्यात वीस जण आले. रविवारी तर फाट्यापासून गाड्यांची रांग. कशासाठी? राणीच्या जागेवर उभं राहायला! जोडपी उभी राहायची, नवरदेव-नवरी फोटोवाल्याला घेऊन यायची, पोट्टे उड्या मारायचे, मुद्दाम ओरडायचे. वरचं फूल त्यांच्या बरोब्बर डोक्यावर. मी खिडकीत बसून तिकिटं फाडायची आणि आतून हसण्याचा मोठा आवाज आला की डोळे मिटून घ्यायची.

मामांची तर दशाच झाली. उलटं चालणं बंद झालं. दिवसभर त्या गोलाशेजारी वर पाहत उभे, अंगाला घामाच्या धारा. लोकांना हात जोडून सांगायचे, "बापाहो, राणी-बिनी काई नाई. मी खोटं बोललो. वरतं छत पोकळ हाय, उधईनं खाल्लं हाय, सरका जराक." लोक टाळ्या वाजवायचे. "वा मामा! अजून सांगा!" खरं बोलून बोलून त्यांचा घसा बसला, पण लोकांना ती नवीन गोष्टच वाटली.

"माह्या तोंडानंच घात केला वं," एक दिवस पायरीवर बसून म्हणाले. मी त्यांना चहा दिला.

जानेवारीत तालुक्याच्या एका शाळेचं स्नेहसंमेलन आमच्या हॉलमध्ये ठरलं. माझी मुलगी त्याच शाळेत, सातवीत. घरी आली ती उड्या मारतच. "आई, आई, नाचात मला राणी केलं! मी मधोमध उभी राहणार आणि चाळीस मुली माझ्याभोवती गोल!"

माझ्या हातातली परात खाली पडली. मधोमध म्हणजे कुठे हे मी विचारलंच नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मामांनी छत ठोकलं तेव्हा मी दारात उभी होते. तो भद्द आवाज आता फुलापुरता राहिला नव्हता, पार खिडकीपर्यंत गेला होता.  मामा मुख्याध्यापकांना भेटून आले, साहेबांना फोन करून झाला. दोघेही हसले. साहेब म्हणाले, "मामा, आता पुरे करा तुमची राणी." मग मामा माझ्याकडे आले. हॉलची चावी माझ्याकडे असायची.

"उद्या चावी देऊ नोको."

"मामा, माझी नोकरी जाईल हो."

"हरवली म्हन. हिरीत पडली म्हन. काईबी म्हन, पन देऊ नोको. तुही पोरगी उभी राहून राह्यली ना वं त्या जाग्यावर!"

मी "हो" म्हटलं. देवाशपथ म्हटलं.

रात्री मी पोरीला म्हणाले, उद्या ताप आला म्हणून सांगू. ती अशी रडली की शेजारी धावत आले. नवरा माझ्यावर उखडला, "त्या फेकाड्याच्या नादी लागून पोरीले काऊन रडवून राह्यली?" आणि खरं सांगू? माझी मलाच खात्री नव्हती. मामांचे चार आजे आठवले. दोन राण्या आठवल्या. आवाज मी स्वतः ऐकला होता, फुटक्या माठाचा आवाज मला काय कळत नाही? पण माझ्या कानावर माझाच भरवसा नाही. अशी मी.

सकाळी साहेब आले, खिडकीतून हात पुढे केला आणि म्हणाले, "चावी." मी दिली.  हरवली नाही, विहिरीत पडली नाही, काही नाही. कपाटाएवढे दोन स्पीकर आत गेले. मुली आत गेल्या. मामा कोपऱ्यात उभे राहून माझ्याकडे पाहत होते. ते रागाने पाहते तर बरं झालं असतं. पाहिलं, आणि बांबू खांद्यावर टाकून मागच्या बाजूला निघून गेले.

माझी पोर नऊवारी नेसून, कपाळाला बिंदी लावून त्या गोलात उभी राहिली. भोवती मुलींनी फेर धरला. पालक खाली बसले. स्पीकरवाल्याने आवाज तपासायला एक ठोका वाजवला. धाड्! माझ्या पायाखालची फरशी हलली. आणि पोरीच्या केसांवर चिमूटभर पांढरी पूड पडली. तिने हाताने झटकली आणि हसली.

मी पाहिलं. मी तिची आई, दारात दहा पावलांवर उभी, आणि मी पाहिलं. ओरडायचं होतं, "पळ!" तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.  साहेब पहिल्या रांगेत बसले होते. अशा वेळीही, देवा, अशा वेळीही माझ्या मनात आलं की काहीच झालं नाही तर साहेब काय म्हणतील? ह्या विचाराची मला अजून किळस येते.

तेवढ्यात मागून आरोळी आली. "आग्या उठलं! आग्या उठलं! समोरून पळा!"

महालाच्या मागच्या सज्जाखाली आग्या मोहोळाची तीन पोळी होती, हे अख्ख्या तालुक्याला माहीत. आग्या म्हटल्यावर कोण थांबतो? आरडाओरडा, चेंगराचेंगरी, मुली-बाया-मास्तर सगळे समोरच्या दाराने बाहेर. बाहेर पाहतात तो समोरची सगळी कारंजी सुरू! मामांनी टेकडीवरचं टाकं आधीच मोकळं सोडलं होतं. पाणी असं उडत होतं की पोरी पळता पळता चिंब झाल्या आणि माश्या पाण्याला बिचकून वर घोंघावत राहिल्या. मागची दारं त्यांनी बाहेरून लावून घेतली होती. स्वतः बाहेर राहून. पोळी त्यांच्या बाजूला आणि पोरी दुसऱ्या बाजूला.

सगळ्या मुली सुटल्या. एक-दोघींना एखादा डंख. मला लोंढ्याने कधीच बाहेर नेलं होतं. फक्त माझी पोर दाराबाहेर गेली आणि "आई कुठंय?" म्हणत माघारी फिरली. महालाला वळसा घालून बागेच्या बाजूने मला शोधत गेली. तिच्या तोंडाला पाच माश्या चावल्या, एक तर थेट पापणीवर.

मामा मेंदीच्या कुंपणाखाली सापडले. बांबू अंगावर आडवा. तोंड ओळखू येत नव्हतं. त्यांना बुलढाण्याला नेलं.

छत? छत जागच्या जागी होतं. सगळी बाळं वर हसत होती.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. साहेब, शाळेचे लोक, पालक. पोरींच्या जिवाशी खेळ केला म्हणून सगळे संतापलेले. मला बोलावलं. 

"मोहोळाला बांबू कोणी लावला? तुम्ही पाहिलं?"

"मामांनी," मी म्हटलं.

"कशासाठी?"

इथे मला सांगायचं होतं. पूड पडली ते, आवाज ऐकला ते. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न होता, मग तुम्ही चावी का दिली? मी म्हणाले, "मला माहीत नाही साहेब."

मामांना काढून टाकलं. दवाखान्यातून ते परस्पर पिंपळगाव राजाला बहिणीकडे गेले. मी भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार? लोक महिनाभर हसत होते: मामाची राणी आली नाही, माश्याच आल्या. पोळी काढून टाकली, हॉल पुन्हा उघडला, रविवारी पुन्हा रांग. मी पुन्हा डोळे मिटून तिकिटं फाडू लागले. रोज वाटायचं, आज. संध्याकाळी कुलूप लावताना वाटायचं, चला, आज नाही.

सोमवारी महाल बंद असतो. महिनाभराने एका सोमवारी मी माळ्याबरोबर बागेत मेंदी कापून घेत होते. दुपारी आतून आवाज आला. ट्रॉलीतून सोयाबीनची पोती एकदम ओतावीत तसा, पण थांबेचना. मग सगळ्या खिडक्यांतून पांढरा धूर. माळी पळाला. मी, पालीला भिणारी बाई, आत गेले. हॉलच्या मध्यात माझ्या कमरेएवढा ढीग होता. झुंबराचा लोखंडी आकडा फरशी फोडून आत रुतलेला. खडूचा गोल कुठे होता ते शोधावं लागलं नाही. मी तिथेच मटकन बसले आणि पोरीचं नाव घेऊन ओरडले. ती शाळेत होती, बरी होती, पण मी ओरडतच राहिले.

साहेब धावत आले. पेपरचे फोटोवाले आले. साहेब त्यांना सांगत होते, "आमचं आधीपासून बारीक लक्ष होतंच, म्हणून तर सोमवारी..." मला काय झालं कुणास ठाऊक. मी मधे शिरले आणि म्हणाले, "खोटं आहे. मामांनी सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं, मुख्याध्यापकांना सांगितलं, मला सांगितलं. चावी मी दिली. भिऊन दिली. आणि चौकशीत खोटं मी बोलले."  बोलले सगळं. नोकरी राहिली की गेली, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मी पिंपळगाव राजाला गेले. मामा बहिणीच्या अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. तोंडावर अजून काळे डाग, एक डोळा अर्धाच उघडत होता. मला पाहून म्हणाले, "ये वं माय." पोर माझ्या मागे लपली होती, ती त्यांना दिसली नाही.

मी म्हणाले, "मामा, पडलं."

हातातला घाटा हातातच राहिला. "कोन होतं खाली?"

"कोणी नाही. सोमवार होता."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की बहीण घरातून बाहेर आली. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगत होतो ना? म्हणायला पाहिजे होतं. त्यांचा हक्क होता तो. मी रडत रडत चावीचं सांगितलं, चौकशीचं सांगितलं, माझ्या तोंडून काय गेलं ते सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मधेच हात वर करून मला थांबवलं आणि विचारलं, "तुह्या पोरीची सूज उतरली का?"

मला कळेचना.

"मी म्हटलं होतं, पोरी समोरून पळतीन. दारं लावली, पानी सोडलं, सगळं केलं. पन ते लेकरू माघारी फिरन, हे माह्या ध्यानातच नाई आलं. दवाखान्यात कोनीतरी म्हने, एका पोरीच्या डोयाले डसली. मले कोनी खरं सांगेच ना. महिना झाला वं माय, मले झोप नाई. डोया गेला का तिचा?"

मी मागून पोरीला पुढे ओढलं. मामा तिच्याकडे पाहतच राहिले. मग उठून तिच्यासमोर उकिडवे बसले. घाटे सोलून हिरव्या झालेल्या हाताने त्यांनी तिचा चांगला डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यासमोर धरली.

"हे किती?"

"तीन."

"अन् हे?"

"एक."

"खरं दिसून राह्यलं का मनानंच सांगते?"

"खरंच दिसतंय, मामा. नखात घाट्याचं साल अडकलंय तुमच्या."

त्यांनी पुन्हा बोटं बदलली. पुन्हा. पोर सांगत गेली, पाच, दोन, चार. ते थांबेचनात. बहीण म्हणाली, "अरे, पुरे आता, दिसते तिले." तरी त्यांनी आणखी एकदा हात वर केला, पण ह्या वेळी तो इतका थरथरत होता की पोरीला बोटं मोजता येईनात.